व्हिस्की सावर घरी जमेना: कडू झालं, आंबट झालं, आणि अंडं एकादशीवर

गोदाकाठची (रविवार, सकाळी ९:१०)

मंडळी, आधी हिशेब मांडते, मग प्रश्न विचारते. तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला दुसरं काही येत नाही.

मे महिन्यात लेकीकडे शिकागोला होते. एका शुक्रवारी ती आणि जावई मला घराजवळच्या बारमध्ये घेऊन गेले. मी व्हिस्की घेते. दर शनिवारी एक, सोड्याबरोबर, सोबत खारे शेंगदाणे. त्यामुळे 'आईला काहीतरी हलकं, ज्यूससारखं द्या' हे जावयाचं बोलणं मी मध्येच तोडलं आणि काउंटरमागच्या मुलीला सांगितलं, व्हिस्कीचंच दे, फक्त सरबत करू नकोस. तिने बुटक्या ग्लासात जे दिलं त्यावर घुसळलेल्या ताकावर येतो तसा दाट पांढरा फेस होता आणि फेसावर तपकिरी थेंबांची नक्षी. पहिल्या घोटाला आंबट-गोड. गिळल्यावर मात्र जिभेच्या मुळाशी कडू. डिंकाच्या नव्हे, मेथीच्या लाडवानंतर राहतं तसं. नको वाटतं आणि हात परत डब्याकडे जातो, ते कडू.

विचारलं तर म्हणाली, व्हिस्की सावर: बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), लेमन, साखरेचा पाक, अंड्याचा पांढरा भाग आणि एक इटालियन 'अमारो', कसलीशी कडू-गोड दारू. अमारोचं नाव मी टिशूवर लिहून घेतलं. तो टिशू जीन्सबरोबर धुतला गेला. (त्याच रात्री जावयाने मला मालोर्ट नावाचं शिकागोचं खास पेय 'चाखून तर बघा' म्हणून दिलं. ज्यांनी घेतलंय त्यांना कळेल. ज्यांनी नाही त्यांनी कारल्याच्या रसात पेट्रोल घालून बघावं. जावई अजून जावई आहे हे माझ्या संस्कारांमुळे.)

आता नाशिकला परत येऊन तीन शनिवार झाले. केलं ते असं: घरातली नेहमीची भारतीय व्हिस्की ६० मिली. दोन कागदी लिंबं, आपल्या ॲल्युमिनियमच्या दाबणीने पिळून, रस साधारण ३० मिली. साखर दोन चहाचे चमचे. अमारो इथे मिळेना, म्हणून अँगोस्टुरा बिटर्सची (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क) बाटली मागवली आणि त्यातलं एक चमचाभर. एका अंड्याचा पांढरा भाग. बर्फ. सगळं मुलाच्या जिमच्या प्रोटीन शेकरमध्ये.

शनिवार पहिला: प्रचंड आंबट, त्यावर कडू, तळाशी साखर तशीच. फेस आला, पण साबणासारखा, दोन मिनिटांत गेला.

शनिवार दुसरा: बिटर्स निम्मं केलं. तरी कडूच. शिवाय अंड्याचा हिवस वास. ह्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "सार म्हणालीस ना? मग भातावर घेऊ का?"

शनिवार तिसरा: कुठेतरी वाचलं की आधी बर्फाशिवाय हलवायचं असतं. हलवलं. झाकण उडालं. अंडं, व्हिस्की आणि बिटर्स भिंतीवरच्या कालनिर्णयावर, नेमकं एकादशीच्या चौकोनावर. सासूबाई असत्या तर मी हे लिहायला उरले नसते.

प्रश्न असा: ते कडू-गोड घरी कसं आणायचं? बिटर्स किती? अंड्याशिवाय फेस येतो का? आणि अमारोऐवजी काय?

---

चकणाप्रेमी (रविवार, सकाळी ९:३२)

काकू, चांगल्या व्हिस्कीचा असा छळ का? सोडा घाला, शेंगदाणे घ्या, सुखात राहा. परवाना आहे ना?

---

गोदाकाठची (रविवार, सकाळी ९:४०)

काकू कोण? आणि परवाना आजीवन आहे, माझ्या नावावर. ह्यांचा वर्षाचा आहे, दर वर्षी मीच आठवण करते.

---

अर्धा_पेग (रविवार, दुपारी १:०५)

ताई, तुम्ही आकडे दिलेत म्हणून उत्तर देता येतंय. नाहीतर इथे 'थोडं लिंबू, थोडी साखर, बिघडलं, का?' असे प्रश्न येतात. मी ठाण्यात राहतो, रंगांच्या कारखान्यात केमिस्ट आहे, आणि गेली सहा वर्षं बायकोच्या सहनशक्तीवर हा छंद चालू आहे.

मुद्द्याचं आधी. तुमचं कडू जास्त झालेलं नाही. गोड कमी पडलंय. म्हणूनच बिटर्स निम्मं करूनही फरक पडला नाही.

पटत नसेल तर ट्रिनिडाड सावर बघा. न्यूयॉर्कच्या ज्युसेप्पे गोन्झालेझ या बारटेंडरचं, २००९च्या सुमाराचं. त्यात अँगोस्टुरा ४५ मिली असतं. चमचा नाही, दीड छोटा पेग! व्हिस्की, तीही राय नावाच्या धान्याची, फक्त १५ मिली. लिंबाचा रस २२. आणि हे सगळं पेलतं कोण, तर ३० मिली ऑर्जा, म्हणजे बदामाचं दाट गोड सरबत. पिताना कडू वाटतं, पण छान वाटतं. तुमचं चमचाभर बिटर्स त्यापुढे काहीच नाही.

आता तुमची साखर. दोन चमचे म्हणजे फार तर दहा ग्रॅम. ती तळाशी तशीच राहिली असं तुम्हीच लिहिलंय, कारण गार दारूत साखर विरघळायला तयारच नसते. निम्मी विरघळली असं धरलं तरी प्यायलात ती पाच ग्रॅम. साध्या व्हिस्की सावरमध्ये ६० मिली व्हिस्कीला २२ मिली रस आणि २२ मिली पाक धरतात. समान वजनाची साखर-पाणी विरघळवून केलेल्या २२ मिली पाकात साखर साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असते. तुमचा रस ३०, साखर पाच. सोड्याशिवाय लिंबूसोडा प्यायलात म्हणायचं.

कडूचं म्हणाल तर तुमच्या ग्लासात दोन कडू होते. एक बाटलीतलं, एक दाबणीतलं. ॲल्युमिनियमच्या दाबणीत लिंबू सालीसकट चिरडतं. साल, पांढरा गर, बिया सगळ्यांचा अर्क उतरतो. त्यात लिमोनिन नावाचं द्रव्य असतं. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभराने कडसर लागतो ना, तो त्याचाच प्रताप. बारमधलं कडू घशात मागून येतं आणि जातं. सालीचं कडू जिभेवर बसून राहतं. म्हणून लिंबू हाताने पिळा, अलगद, गाळा, आणि लगेच वापरा. सकाळी रस काढून फ्रीजमध्ये ठेवणं बंद.

आपलं कागदी लिंबू तिकडच्या पिवळ्या लेमनपेक्षा चरचरीत असतं. पाककृतीत २२ मिली लेमन असेल तर मी कागदी लिंबाचा रस १८ घेतो. मापायला खोकल्याच्या औषधाचं टोपण वापरा, त्यावर ५, १० अशा रेघा असतात. हसू नका, माझ्या सगळ्या महागड्या जिगरांपेक्षा (दारू मोजायच्या मापांपेक्षा) ते अचूक निघालं.

आणि एक चिमूट मीठ. चिमूट म्हणजे खरंच चिमूट, खारट लागता कामा नये. मिठाने कडू दबतं. हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही, कारल्याच्या काचऱ्या कोण करतं? मीठ लावून ठेवायचं, मग चिंच-गूळ. आंबट, गोड, खारट तिघांनी मिळून कारल्याला माणसात आणायचं. सावरमध्ये तेच करायचंय, कारल्याच्या जागी कॅम्पारी.

हो, कॅम्पारी. अमारो म्हणजे इटालियन भाषेत 'कडू'. मुळं, साली, पानं मुरवून केलेली कडू-गोड दारू, अशा कितीतरी आहेत. कॅम्पारी तशी अमारोची चुलत बहीण, १८६०मध्ये गास्पारे कॅम्पारीने नोवारात सुरू केली. मोठ्या शहरांत मिळते, नाशिकला मागवावी लागेल कदाचित. तिच्यात स्वतःचीच साखर भरपूर असते, त्यामुळे अँगोस्टुरापेक्षा तुमच्या कामाला हीच. अँगोस्टुरा म्हणजे हिंग. चिमूटभर सगळ्यात, पण भाजी हिंगाची होत नाही. (ट्रिनिडाड सावर वगळता. त्या माणसाने हिंगाची भाजी केली आणि ती गाजली.)

माझं माप: बर्बन ४५, कॅम्पारी २०, कागदी लिंबू १८, पाक १५, मीठ चिमूट, अंड्याचा पांढरा भाग १५ मिली, म्हणजे साधारण निम्म्या अंड्याचा. तुम्ही अख्खा घातलात, म्हणून हिवस वास. फेसावर अँगोस्टुराचे तीन थेंब टाकायचे ते नक्षीसाठी नाहीत, नाक ग्लासाशी गेलं की अंड्याआधी त्यांचा वास यावा म्हणून.

झाकण उडालं त्याचं कारण सोपं आहे. बर्फ असला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. बर्फाशिवाय हलवताना तसं होत नाही, झाकणाला आतून धरून ठेवणारं काही नसतं. त्यातून प्रोटीन शेकरचं ते टिचकीचं झाकण! आटे असलेली स्टीलची बाटली घ्या, झाकणावर तळहात दाबून धरा, तोंड कॅलेंडरपासून दुसरीकडे. किंवा शेकर सोडाच. पातेल्यात रवीने घुसळा, वीसेक सेकंद. आपल्याकडे फेस काढायचं यंत्र शतकानुशतकं भिंतीला टांगलेलं आहे. मग बाटलीत बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोरात, आणि गाळून ग्लासात.

बर्फ ताजा. फ्रीजरमध्ये मटार आणि बोंबील शेजारी असतील तर सावरला कशाचा वास येईल ते सांगत नाही.

---

मांडवीपार (रविवार, संध्याकाळी ७:२०)

अर्धा_पेग यांनी सगळं सांगितलं, पण एक राहिलं. अँगोस्टुराच्या बाटलीवर वाचलंत तर जेन्शियन लिहिलेलं दिसेल. बाकी कृती गुप्त, पण कडूचा मुख्य आधार ते मूळ. १८२४मध्ये झीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी हे पोटाचं औषध म्हणून केलं. पुढे धंदा ट्रिनिडाडला गेला. औषधच ते.

आता गंमत. आपलं काडेचिराईत हे त्याच जेन्शियनच्या कुळातलं. आजी तापात काढा पाजायची तेच. म्हणून मी पणजीत एक उद्योग केला. काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलं, दोन चमचे काड्या, संत्र्याची वाळवलेली साल, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, २०० मिली व्होडकात एक आठवडा मुरवलं. गाळलं. चव बघायला बोटाचं टोक बुडवलं आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी कोणी बोलू शकलं नाही.

पण सावरच्या फेसाखाली दोन थेंब घातले तर काम करतं. दोन. तिसरा घातलात तर आजी आठवेल.

दुकानात नीट सांगून मागा. आमच्याकडे गोव्यात आणि तळकोकणात 'किराईत' म्हणून जे पावसाळ्यानंतर परसात मिळतं ते वेगळं झाड, त्याचा काडेचिराइताशी संबंध नाही. तेही जहर कडू, पण त्याला हिरवट पाल्याचा वास आहे, दारूत वाईट लागतो. एकदा करून पाहिलंय. आणि कोणाला मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हे काढ्याचे प्रयोग दारूत करू नयेत, साधी अँगोस्टुरा बरी.

---

पंचगंगा_उसवाला (रविवार, रात्री १०:०२)

ताई, पाक कशाला, काकवी घाला! आमच्याकडे गुऱ्हाळावरून बरणी आणतो. काकवीत स्वतःचा एक कडसरपणा असतो, रसाच्या मळकटपणाचा म्हणा. १५ मिली पाकाच्या जागी १० मिली काकवी, तेवढंच पाणी घालून सैल करून. रंग गढूळ येतो, दिसायला मातीचं पाणी, चवीला एक नंबर. पाहुण्यांना देणार असाल तर रंगीत ग्लासात द्या.

अजून एक, तुमच्या त्या मालोर्टबद्दल. वर्मवुड नावाची वनस्पती असते त्यात, ती आपल्या दवण्याच्याच जातकुळीतली. जोतिबाला आपण दवणा वाहतो, शिकागोवाले पितात. ज्याची त्याची भक्ती.

---

लेक्सिंग्टनचा_बंड्या (सोमवार, पहाटे ४:५५)

केंटकीतून लिहितोय, त्यामुळे वेळ बघून दचकू नका. व्हिस्कीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

ताई, तुमच्या तिन्ही शनिवारांत न बदललेली एक गोष्ट म्हणजे घरातली व्हिस्की. बर्बनमध्ये कायद्याने निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. त्या जळक्या लाकडातून व्हॅनिला, कॅरॅमल, जरा नारळासारखं काहीतरी उतरतं. साखर नसते, पण नाकाला गोड वाटतं, आणि नाकाला गोड वाटलं की जीभ फसते. आपल्याकडच्या नेहमीच्या ब्लेंडेड व्हिस्कीत उसाच्या मळीच्या स्पिरिटचा वाटा मोठा असतो. सोड्यात ती उत्तम, माझ्या बाबांची तीच. पण लिंबासमोर ती मागे सरते आणि उरतो नुसता जाळ.

महाग बर्बन घेऊ नका. सर्वांत स्वस्त जी मिळेल ती. बंगळूर-गोव्याच्या सिंगल माल्ट मात्र यात ओतू नका, त्या पाण्याच्या चार थेंबांबरोबर प्यायच्या आहेत.

आणि इकडच्या बारना फार मोठं समजू नका. कित्येक वर्षं इथे व्हिस्की सावर म्हणजे बाटलीतलं तयार हिरवट 'सावर मिक्स' होतं. ताजं लिंबू पिळणारी मुलगी मिळाली हे तुमचं नशीब.

---

गोदाकाठची (सोमवार, सकाळी १०:१५)

सगळ्यांचे आभार. अर्धा_पेग, तुमचं 'गोड कमी पडलंय' वाचून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे मी पस्तीस वर्षं सांगतोय." दुर्लक्ष केलं.

तीन शंका. एक, कच्चं अंडं. आमच्याकडे शनिवारी कधीकधी पाहुणे असतात, त्यातली एक गरोदर आहे (ती पीत नाही, पण तरी), दोघं शाकाहारी. दोन, कॅम्पारीला आठवडा लागणार असं दुकानदार म्हणतो. तोवर काही? तीन, मी नाशिकची. माझ्या गावात द्राक्षं पिकतात, वाइन होते, आणि मी कडू-गोड शोधायला इटलीला चाललेय. ह्यात काही चुकतंय असं वाटत नाही का?

---

अर्धा_पेग (सोमवार, दुपारी २:४०)

तिसरी शंका पहिल्यांदा, कारण ती वाचून मी कपाळावर हात मारला. न्यूयॉर्क सावर! साधा व्हिस्की सावर करायचा आणि वरून १५ मिली कोरडी रेड वाइन चमच्याच्या पाठीवरून सावकाश सोडायची. ती वर तरंगते, लाल पट्टा दिसतो. वाइनमधलं टॅनिन जिभेला आवळतं, कोकमासारखं, आणि आंबट-गोडाला एक तुरट-कडसर कडा येते. नाव न्यूयॉर्कचं, पण १८८०च्या दशकात शिकागोच्या कोणा बारवाल्याने हे काढलं असं सांगतात. म्हणजे तुमच्या लेकीच्या गावचं. नाशिकची शिराझ किंवा कॅबरने चालेल. गोड वाइन नको, ती खाली बुडते आणि सगळं सरबत होतं.

यात पाक २२ मिलीच ठेवा, कारण कॅम्पारीची साखर इथे नाही.

वाइन सोडताना घाई करू नका. माझा पहिला प्रयत्न रक्तदान शिबिरासारखा दिसत होता.

अंड्याबद्दल. दारू आणि लिंबू जंतू मारतात या भरवशावर राहू नका, एवढ्या वेळात ते काम होत नाही. ताजं, तडा न गेलेलं अंडं, फ्रीजमधलं, आणि लगेच प्यायचं. म्हातारे, गरोदर, लहान, आजारी यांना नकोच. शाकाहारी पाहुण्यांसाठी काबुली चण्यांचं पाणी. छोले शिजवल्यावर जे चिकट पाणी उरतं ते. २०१४मध्ये जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवलं की ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, आणि आता जगभर वापरतात. मीठ, सोडा न घालता शिजवा, पाणी निम्मं आटवा, गार झालं की जेलीसारखं झालं पाहिजे. एका ग्लासाला २० मिली. सोडा घातलात तर सावरला खानावळीच्या छोल्यांचा वास येतो, अनुभवाने सांगतोय, बायको अजून तो विषय काढते.

सुगंधाला संत्र्याची साल. लहानपणी भावाच्या डोळ्यात पिळायचो ना, तसंच, फक्त डोळ्याऐवजी ग्लासावर. साल पातळ घ्या, आतला पांढरा भाग नको.

---

गोदाकाठची (रविवार, सकाळी ११:३०, दोन आठवड्यांनंतर)

अहवाल.

पहिल्या शनिवारी न्यूयॉर्क. बर्बन भाच्याने मुंबईहून आणली, सगळ्यांत स्वस्त. बर्बन ६०, हाताने पिळलेलं लिंबू १८, पाक २२, चण्याचं पाणी २०. पातेल्यात रवी. मला खरं वाटेना, पण वीस सेकंदांत फेस असा चढला की मी लोणी येईल म्हणून थांबले. बर्फ घालून आटेवाल्या बाटलीत बारा सेकंद. वाइन चमच्यावरून. माझा हात बरा आहे, तीस वर्षं सह्या केल्यात, लाल रेघ सरळ आली. शाकाहारी जोडप्यातल्या वहिनींनी दोन घेतले आणि परत जाताना रिक्षात गात होत्या असा निरोप आला.

पण खरं सांगते, ते कडू नव्हतं. आवळणारं होतं. छान होतं, पण मी जे शोधत होते ते घशात मागून येणारं. ते नाही आलं.

काल कॅम्पारी आली. अर्धा_पेगच्या मापाने केलं, टोपणाने मोजून. ४५, २०, १८, १५, मीठ, अंड्याचा पांढरा भाग अर्धा. पहिला घोट घेतला. गोड जास्त वाटलं. वाटलं, गेलं हेही. गिळलं आणि मग मागून आलं ते! हळूच, जिभेच्या मुळाशी, मेथीच्या लाडवासारखं. त्या बारमध्ये होतं तेवढं खोल नव्हतं, कॅम्पारीत संत्र्याची साल पुढे येते आणि तिकडे काहीतरी जंगली, मुळांसारखं होतं. मग मांडवीपार यांची आठवण झाली. पंचवटीतल्या काष्ठौषधीवाल्याकडून आधीच आणून मुरवून ठेवलं होतं (त्याने विचारलं, "ताप आहे का?" मी "हो" म्हणाले, लाज वाटली). दोन थेंब. हं. आता जवळ गेलं. दुसऱ्या ग्लासात मीठ विसरले आणि फरक लगेच कळला, कडू एकदम टोचायला लागलं. ते कारल्याचं तुम्ही खरं सांगितलंत.

काकवीही केली. चव चांगली, पण लिंबाशी काकवी जरा भांडते, आणि रंग बघून ह्यांनी हात मागे घेतला. मी एकटीने संपवला.

ह्यांनी कॅम्पारीवाल्याचा एक ग्लास अख्खा प्यायला. म्हणाले, "सार बरं झालंय." मग सोडा मागितला.

लेकीला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, आई, त्या बारमध्ये विचारून अमारोचं नाव सांगते. मी म्हटलं, नको. आता माझं माप बसलंय, परत नवीन बाटली नको.

नवीन कॅलेंडर मागवलं आहे, जुन्यावर एकादशी चिकटली.

एक प्रश्न उरला. पांढरं वापरून झालं, वाटीत पाच पिवळे बलक फ्रीजमध्ये आहेत. त्यांचं काय करू?

---

चकणाप्रेमी (रविवार, सकाळी ११:३४)

भुर्जी. दोन अख्खी अंडी त्यात फोडा, नाहीतर फार घट्ट होईल. कांदा बारीक, मिरची जास्त. ताई, मी नाशिकरोडलाच राहतो.

---

गोदाकाठची (रविवार, सकाळी ११:४१)

काकू म्हणाला होतास. अजून लक्षात आहे. शनिवारी सात वाजता ये, परवाना घेऊन.